नवव्या दिवसाची सुई

दगडू, तुझ्या पिंडाला कावळा फार लवकर शिवला. द्रोण ठेवून आम्ही चार पावलंसुद्धा मागं सरलो नव्हतो. दुसऱ्यांच्या दहाव्याला लोक मुळा नदीच्या काठावर तास-तास ताटकळतात, हात जोडून 'पोरांचं बघू, शेताचं बघू' म्हणून मनधरणी करतात. तुझ्या वेळी दोनशे कावळे रांग लावून बसले होते, असं मी पुढच्या महिन्यात लोकांना सांगेन. तुला म्हणून खरं सांगतो, एकच होता. आला, बसला, खाऊन गेला. सगळे म्हणाले, गडी सुखानं गेला, मागं काही राहिलं नाही. तुझ्या प्राजूच्या होणाऱ्या सासरची कमळाआत्या पण आली होती. मारुंजीच्या त्या घरात तिच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "हार्टअटॅकचं मरण म्हंजी पुण्यवानाचं मरण. तरास न्हाई, रगत न्हाई."

रगत न्हाई म्हणाली. आणि मी मान हलवली. का नाही हलवणार? हार्टअटॅक मीच सांगितला होता.

तुझं नाव दगडू का पडलं, हे गावाला माहीत होतं आणि तरी कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्या आधीचा भाऊ सहा वर्षांचा होऊन गेला, म्हणून तुझ्यावर कुणाची नजर पडू नये असं ओबडधोबड नाव ठेवलं, एवढं सगळे सांगायचे. तो कशानं गेला, हे तुझी आई कुणाला सांगत नव्हती. दुधाचा दात पडला होता पोराचा. तेवढंच. तीन दिवस तोंडातून रक्त येत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी यायला काही उरलं नाही.

तुझी दाढ काढली तेव्हा आपण एकोणीस-वीसचे असू. पौडला काढली, सायकलवरून डबलसीट परत आलो. रात्रीपर्यंत तू तांब्याभर थुंकलास. मी तेव्हा लोकांना सांगितलं की बादलीभर, आणि बादली बघून म्हैस बुजली. लोक हसले. चौथ्या दिवशी तू भिंतीसारखा पांढरा पडलास तेव्हा मी हसायचा थांबलो. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्या आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं, हिमोफिलिया. रक्त गोठवणारी एक गोष्ट तुझ्या अंगात जन्मापासून कमी होती. ती सुईतून भरली की रक्त थांबतं, नाही भरली की वाहतच राहतं. आईकडून मुलाला येतं, असं डॉक्टर बोलून गेला आणि तुझ्या आईनं तिथल्या तिथं माझा हात धरून मला जिन्याखाली ओढलं.

"तात्या, घरात दोन पोरी उजवायच्या हायेत. ह्यातलं एक अक्षार गावात गेलं तर दोगी बसत्याल घरात. तुला माजी शपत हाय."

"मला कशाला घालतीस काकू? माज्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"म्हून तर तुलाच. तू बोलतोस त्ये समद्यांना खोटंच वाटतंय. तवा ह्येच्यावर कायतरी तूच सांग."

काय बाई होती! माझी खरी किंमत त्या वयात फक्त तिला कळली होती. तेव्हापासून तुझा गुडघा सुजला, आत रक्त उतरलं, तू लंगडायला लागलास, की मी बैलाची गोष्ट सांगायचो. चौधऱ्याच्या माळावर एक खिलार उधळला आणि दगडूनं त्याला शिंगांना धरून अडवला, त्यात गुडघा गेला. सुरुवातीला बैल साधा होता. तुझं लग्न झालं तेव्हा त्याची शिंगं दोन हात झाली होती. प्राजू शाळेत जायला लागली तोवर बैल धरणात पोहून पलीकडं गेला होता आणि तू त्याच्या शेपटीला धरून मागं. पोरीनं शाळेच्या निबंधात लिहिलं, माझे बाबा शूर आहेत. तू मला वही दाखवलीस. मग म्हणालास, "बास कर आता त्यो बैल." मी काही बास केला नाही.

सुमनवहिनींना तू लग्नानंतर सांगितलंस. त्यांनी तुला आठ दिवस शिव्या दिल्या आणि नंतर फ्रिजमध्ये तुझ्या औषधासाठी कप्पा मोकळा केला. प्राजूला सांगितलं, गुडघ्याचं इंजेक्शन हाय. घरात खोटं एवढंच, पण वीस वर्षं टिकलं. माझं कुठलंच खोटं एवढं टिकलं नव्हतं.

गेल्या वर्षी संडासात रक्त दिसायला लागलं तेव्हा तू वहिनींनाही बोलला नाहीस. मला बोललास, भाताच्या खाचराच्या बांधावर बसून, बिडी विझवता विझवता.

"मूळव्याध झालीया."

"कुनी सांगितलं?"

"कुनी सांगाय पायजे? रगत जातंय."

"तुजं रगत हाय दगडू. तुज्या रगताला मूळव्याध म्हनत न्हाईत, जाऊन दाखीव."

"प्राजूला बघाय लोक येनार हायेत ह्या म्हैन्यात. आता दवाखाना नको."

तू पुड्या आणल्यास, बाजारात चादर पसरून बसणाऱ्याकडून. वर गुडघ्यासाठी पौडच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या. तुझ्यासारख्याला त्या गोळ्या विषाच्या, हे तुला चांगलं ठाऊक होतं. तूच मला वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. तीन महिने काढलेस तसे. मला तुझी नखं पांढरी दिसायची आणि मी म्हणायचो, काय गोरा झालास रे लेका, नवरी तू का प्राजू? तू हसायचास. हसताना तुला धाप लागायची. ते मी बघितलं होतं. आज सांगतोय म्हणून बघितलं असं नाही, तेव्हाच बघितलं होतं.

मारुंजीच्या ओंकारशी प्राजूची सुपारी फुटली, आणि चार दिवसांनी तू बांधावर आडवा झालास. तिथून तुला थेट पुण्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथं तुझा आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंबद्दल मला तुझ्याशी भांडायचं राहून गेलंय. तू म्हणायचास, बाई उगाच भीती घालतात. दगडू, त्या बाईएवढं सरळ माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही. नळीतून तपासणारे डॉक्टर तयार होऊन उभे होते, तर ह्या आडव्या आल्या. म्हणाल्या, "आधी सुई. रक्तातला घटक वर आल्याचा रिपोर्ट माझ्या हातात पडल्याशिवाय यांच्या आतड्यात कोणी काही घालायचं नाही." तुला पोट साफ व्हायचं औषध पाजलं, आणि मी गावात सांगितलं की मुळशी धरणाचे दरवाजे उघडले, पुण्याला सावधानतेचा इशारा गेला. मोठ्या आतड्यात, शेवटाकडं, देठाला लटकलेली करवंदाएवढी गाठ निघाली. ती नळीतूनच कापली, देठाला चिमटा लावला. रक्त थांबलं. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला, गाठ साधी होती, कॅन्सर नाही. आपण दोघं दवाखान्याच्या खालच्या टपरीवर रडलो, आठवतं? तुला चहा चालत होता. मी तीन प्यालो.

तुला घरी सोडताना बाईंनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या.

"दगडूराव, बाहेरची जखम दिसते, ही दिसणार नाही. आत खपली धरलीय. ती साधारण सातव्या ते दहाव्या दिवसात सुटते. इतरांची सुटते, त्यांना कळतही नाही. तुमची सुटताना रक्तात घटक नसला, तर चिमट्याचा काही भरवसा नाही. दहा दिवस रोज सकाळी सुई. सहा झाल्या, चार राहिल्या. पौडच्या दवाखान्यात सिस्टरना मी फोन केलाय. एकही चुकवायची नाही."

"न्हाई चुकवत, बाई."

"आणि तुम्हाला मुलगी आहे ना? तिला हे माहीत आहे?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडं बघितलं.

"तिच्यात हे आलेलंच आहे," बाई म्हणाल्या. "बापाकडून मुलीला येतंच, त्यात कदाचित नाही. तिला त्रास होईल न होईल, पण तिला मुलगा झाला तर निम्मी शक्यता. बाळंतपणाच्या आधी हे तिच्या डॉक्टरांना माहीत हवं. तिला सांगा. तुम्ही नाही, तर ह्यांनी सांगा."

ह्यांनी म्हणजे मी. मी म्हटलं, सांगतो. तुझ्या आईला न सांगायची शपथ, बाईंना सांगायचा शब्द. दोन्ही माझ्याच तोंडात.

परतीच्या वाटेत, बावधनच्या सिग्नलला, आपण भांडलो. ते भांडण अजून संपलेलं नाही.

"लगीन हुं दे. मग सांगू," तू म्हणालास.

"मग कवा? पोरगा झाल्यावर? त्याचा दात पडल्यावर?"

"तात्या!"

"मी काय खोटं बोलतुया?"

"न्हाई. म्हून तर गप बस. कमळाआत्यानं सुपारीच्या दिशी इचारलंय, घरात कुनाला साखर, कुनाला फिट. समदं इचारलंय. मोडंल ह्ये लगीन. पोरीला पोरगा आवडलाय रं. तिनं सवताहून सांगितलंय मला."

पुढं सिग्नल सुटला आणि मी गाडी हाकली. तू जिंकलास असं तुला वाटलं असेल. तू जिंकला नव्हतास, सिग्नल सुटला एवढंच.

नववा दिवस बस्त्याचा निघाला. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं. दोन्हीकडची पंचवीस माणसं एका दुकानात, एका बैठकीला, सगळ्यांच्या मानाच्या साड्या आणि टोप्या काढणार. पहिल्या शालूला हळदकुंकू लागताना मुलीचा बाप गादीवर हवाच. सुई दहा वाजता पौडला. त्यांची टेम्पो ट्रॅव्हलर साडेनवालाच दारात. एकाच गाडीनं जायचं असा आत्याचा हुकूम. आपल्याला मधल्या बाकावर बसवलं आणि आत्या बरोबर आपल्या मागं.

पौड जवळ आलं. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबूया का. तू माझा गुडघा दाबलास.

"कशाला थांबायचं?" आत्या मागून म्हणाली.

दगडू, आयुष्यात मी हजार खोटी रचली. बैल धरणातून पोहवला. म्हैस बादलीला बुजवली. त्या दिवशी मला 'शक्तीचं इंजेक्शन हाय' एवढं तीन शब्दांचं खोटं सुचलं नाही. जगातला प्रत्येक म्हातारा शक्तीचं इंजेक्शन घेतो. कुणी वळून बघितलं नसतं. पण मला तुझा हात कळला, आणि मी म्हटलं, "काय न्हाई, पानाची टपरी बघत हुतो." गाडीतली माणसं हसली. पौड मागं गेलं. तू कानाशी म्हणालास, "सांजच्याला घिऊ." संध्याकाळ म्हणजे फक्त आठ तास, असं मीही धरून चाललो.

दुकानात पांढरीशुभ्र गादी, भिंतीपर्यंत. तू मध्यभागी बसलास, लोडाला टेकून, टोपी सरळ करून. शालूला हळदकुंकू लागलं. प्राजूनं तुझ्याकडं बघितलं आणि तू मान डोलावलीस. त्यानंतर वीस मिनिटांनी तू पहिल्यांदा उठलास.

दुसऱ्यांदा उठून आलास तेव्हा गादीवर बसला नाहीस. दुकानदाराकडून काळं घोंगडं मागून घेतलंस, घडी घालून खाली ठेवलंस, म्हणालास गुडघा दुखतोय. मी जवळ सरकून म्हटलं, "सुरू झालं?"

"थोडं हाय. तू बोल. आत्या बघतिया माज्याकडं. काय बी बोल."

मी बोललो. बैल काढला. त्या दिवसाइतका मोठा बैल मी कधी काढला नव्हता. चांदणी चौकात वाहतूक थांबवली त्यानं, पुलावर चढला, पोलिसानं त्याला पावती फाडायला घेतली तर पावतीपुस्तक खाल्लं. आत्या हसून हसून साडीच्या ढिगावर पडली. ओंकारचा बाप डोळे पुसत होता. विक्रेते साड्या टाकून ऐकायला आले. तू उठत होतास, येत होतास. प्रत्येक वेळी तुझा रंग एक पायरी उतरत होता, आणि येऊन बसलास की मला म्हणायचास, "पुढं?"

आणि एक गोष्ट मी वहिनींना सांगितलेली नाही, कुणालाच नाही. दगडू, मला मजा येत होती. पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. तू सहाव्यांदा उठलास तेव्हा बैल पोलिस चौकीच्या दारात होता, आणि मला वाटलं, एवढं संपवतो, मग उठतो.

सातव्यांदा तू परत आला नाहीस. जिन्यात बसला होतास, तिसऱ्या पायरीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून. धोतराचा मागचा भाग बघून खालचा वॉचमन ओरडला. तू त्याला म्हणालास, "हळू. वर पावनं हायेत." मी तुला त्या काळ्या घोंगड्यात गुंडाळून खालूनच रिक्षात घातलं आणि वर निरोप धाडला, छातीत कळ आली.

दवाखान्यात बाईंनी एवढंच विचारलं, "आजची सुई?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी सुई भरली, पिशव्यांवर पिशव्या रक्त चढवलं, नळीतून आत जाऊन नवा चिमटा लावला. आणि रक्त थांबलं, दगडू. हे तुला कळलं का नाही मला माहीत नाही. पहाटे बाई बाहेर येऊन म्हणाल्या, थांबलंय. पण एवढा वेळ तुझं काळीज रिकाम्या रक्तावर पळत होतं. ते दमलं. सकाळी ते बसलं. त्या अर्थानं हार्टअटॅक अगदी खोटा नाही. मी अजूनही अशी पळवाट शोधतोय, बघ.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मारुंजीहून निरोप आला की वर्षाच्या आत लग्न उरकून घेऊ, पुढच्याच महिन्यात. प्राजू पडवीत बस्त्याची गाठोडी सोडून साड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावत होती. वहिनी आतल्या ओट्याशी पाठ करून उभ्या. मी म्हटलं, "वहिनी?"

त्या वळल्या नाहीत. "सांगा तात्या. माज्यानं न्हाई व्हायचं."

मी प्राजूसमोर जाऊन बसलो. ती म्हणाली, "तात्या, आज गोष्ट नको हां."

"गोष्ट न्हाई."

मी सांगितलं. तुझा भाऊ, तुझी दाढ, आजाराचं नाव, गाठ, सुई, दुकान. मग ती, आणि तिला होणारी मुलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. ती आधी हसली, दगडू. माझ्याकडं बघत, पुढचा बैल कधी येतोय म्हणून वाट बघत हसली. बैल आला नाही. तेव्हा तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "तुम्ही काहीच वाढवून का सांगत नाही?"

मी दवाखान्याची फाईल पुढं केली. हिंजवडीला रोज इंग्रजीत काम करणारी पोर, चार पानं दोनदा वाचली. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"दुकानात बाबा किती वेळा उठले?"

"सात."

"तुम्ही मोजत होता?"

"व्हय."

"आणि बोलत होता?"

"व्हय."

तिनं फाईल मिटली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओंकारला फोन लावला, माझ्यासमोर. "रविवारी या. आत्यांना घेऊन या, तुमच्या बाबांना पण. माझे बाबा कशानं गेले ते सांगायचंय, आणि माझ्याबद्दल पण." पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. शेवटी म्हणाली, "मोडायचं का नाही ते ऐकून ठरवा."

फोन ठेवून मला म्हणाली, "मी सांगणार. तुम्ही शेजारी बसायचं. मी अडले तर तिथून पुढं तुम्ही."

आज रविवार. तुझ्या आईची शपथ मी मोडली, तुझी इच्छाही मोडली. हे लग्न मोडलं तर मीच मोडलं असं तू समज, मी नाही म्हणणार नाही. राहिलं तर मात्र त्याचं श्रेय मला देऊ नकोस. तू मला बैल बास कर म्हणाला होतास, तेव्हाच मी ऐकायला हवं होतं, आणि तू मला 'पुढं?' म्हणालास, तेव्हा ऐकायला नको होतं. एवढंच तुला सांगायचं होतं. भांडायचं असेल तर भांड. माझी बाजू पडली आहे.

फाट्यावरून त्यांची गाडी आत वळली. प्राजू फाईल छातीशी धरून दारात उभी आहे. साड्यांची गाठोडी तिनं परत बांधून भिंतीशी लावली आहेत. न्यायची झाली तर न्यायला सोपं, असं वहिनींना म्हणाली. गाडीची दारं वाजली. आत्या उतरताना हसत नाहीये. प्राजूनं मागं न वळता माझ्या बाजूला हात केला, बसा म्हणून.

मी बसलोय, दगडू. ती पहिलं वाक्य बोलतेय.